ब्रेक पॅडची आयुधपूजा

आमच्या घरात कोहळा येत नाही. कोणाला पथ्य नाही, कोणाचं व्रत नाही, डॉक्टरांनी तर उलट खा म्हणून सांगितलं आहे. तरी येत नाही. भाजीवाल्याने कोहळ्यावर नुसता हात ठेवला तरी माझी बायको जयंती माझ्याकडे बघते आणि मी घाईघाईने दुधीची चौकशी करू लागतो.

या वैराचं मूळ आमच्या गाडीच्या ब्रेकमध्ये आहे. ब्रेकचं मूळ माझ्या नोकरीत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी मूळचा कराडचा. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे सुटे भाग करणारे कारखाने आहेत. त्यातल्या एकात मला नोकरी लागली आणि पुढे जयंतीचं स्थळ आलं तेव्हा मी 'ऑटोमोबाइलमध्ये आहे' असं सांगितलं. ते खोटं नव्हतं. आमच्या कारखान्यात मोटारीच्या दाराभोवतीचं रबर तयार होतं. दार लावल्यावर पाणी आत येऊ नये म्हणून कडेने जी काळी पट्टी असते, ती. (ती नसेल तर काय होईल, याचा लोक विचारच करत नाहीत!) पण जयंतीचे वडील रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं ब्रेक तपासून निवृत्त झालेले. त्यांना 'ऑटोमोबाइल' एवढ्यावर भागवणं शक्य नव्हतं.

"इंजिन करतां?" त्यांनी विचारलं.

"इंजिन नाही."

"गिअर?"

"गिअरही नाही."

"मग ब्रेक?"

"रबर करतो," मी म्हणालो.

"म्हणजे टायर."

"नाही. दाराचं."

मामांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. (सासऱ्यांना मी मामा म्हणतो, सासूबाईंना मामी.) मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "दाराला पण लागतंच की."

लग्न झालं. पण त्या दिवसापासून प्रत्येक कार्यात माझी ओळख एकाच वाक्यात होऊ लागली. "हे आमचे मापिळ्ळै. दाराचं रबर करतात." मापिळ्ळै म्हणजे तमिळमध्ये जावई. मामांचं कुटुंब तंजावरचं मराठी. त्यांची भाषा तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत आली आणि तिथेच मुरली. ते 'आहे'ला 'अहे' म्हणतात, 'सगळं'ला 'अस्कं' म्हणतात आणि मधे मधे तमिळ शब्द असे पेरतात की ते मराठीच असावेत असं वाटावं. ऐकायला फार गोड लागतं. फक्त 'दाराचं रबर' तेवढं गोड लागत नसे.

म्हणून मी गाडी घेतली. साधीसुधी नव्हे, जर्मन! चंदेरी, लांबलचक, आतमध्ये कातडी आसनं. आधी एका कंपनीच्या साहेबांनी वापरलेली, मग एका डॉक्टरांनी वापरलेली, आणि मग माझ्या नशिबी आलेली. वेलचेरीतल्या आमच्या इमारतीत तसली गाडी दुसरी नव्हती. सहा वर्षं 'दाराचं रबर' म्हणवून घेतलेल्या माणसाला अशी गाडी घेताना पुढचामागचा विचार सुचत नाही.

गाडी सगळ्याच बाबतीत उत्तम होती. फक्त ब्रेक दाबला की ओरडायची. साधं करकरणं नव्हे, एखाद्या पाहुण्याला वाढता वाढता भात संपल्यावर घरातली बाई जशी स्वयंपाकघरातून हाक मारते, तशी हाक मारायची. मामा-मामी आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहत. मी संध्याकाळी फाटकात वळलो की मामा पेपरातून डोकं वर न काढता म्हणत, "मापिळ्ळै आले. कॉफी ठेवा."

एकदा त्यांनी मला बसवून सांगितलं, "ब्रेक ओरडतो म्हणजे तो तुमच्याशी बोलतोय. काय बोलतोय तें ऐका." त्यातच गाडीच्या काचेखालच्या फळीवर एक नारिंगी दिवा लागला. या महागड्या गाड्यांत ब्रेक पॅडला एक बारीक वायर असते. पॅड झिजला की ती वायर घासून तुटते आणि दिवा लागतो. म्हणजे आता ब्रेक कानाशीही बोलत होता आणि डोळ्यांशीही.

मामांना त्या वर्षी सत्तरावं लागणार होतं. दसऱ्यानंतर पाच दिवसांनी तंजावरला, त्यांच्या थोरल्या चुलतभावाच्या घरी, शांतीचा मोठा समारंभ ठरला होता. सगळं गोत जमणार होतं. आम्हा चौघांची रेल्वेची तिकिटं मामांनी आरक्षण उघडलं त्या सकाळीच रांगेत पहिला नंबर लावून काढली होती.

"तिकिटं रद्द करा," मी एका संध्याकाळी जाहीर केलं. "आपण आपल्या गाडीने जाऊ. दारात उतरू."

मनातलं चित्र तयार होतं. चंदेरी गाडी तंजावरच्या त्या गल्लीत वळते, सगळे नातेवाईक ओट्यावर येतात, मामा पुढच्या आसनावरून उतरतात आणि म्हणतात, "मापिळ्ळैंनी आणलं." त्यात रबराचा कुठेही उल्लेख नाही.

मामांनी चष्मा पुसला. "मी बत्तीस वर्षं ब्रेक पास केले. ओरडणारा एकही केला नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही म्हणतां तर एक संधी. दसऱ्याला मज कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारच्या, गणपतीच्या देवळापर्यंत नेऊन आणा. ब्रेक नीट लागला, तर मी स्वतः जाऊन तिकिटं रद्द करतो."

"झालंच समजा," मी म्हणालो.

आता ब्रेक पॅड निवडणं हे येरागबाळ्याचं काम नाही. मी चार दिवस इंटरनेटवर वाचलं, कचेरीच्या प्रिंटरवर चोरून पानं छापली आणि फ्रिजवर तक्ता लावला. मूळ कंपनीचे पॅड घ्यायचे तर ते जर्मनीहून येणार, दिवाळीनंतर. मऊ जातीचे घ्यावेत तर लवकर झिजतात. धातू मिसळलेले घट्ट पकडतात, पण आवाज करतात. आणि सिरॅमिकचे आवाज करत नाहीत, काळी पूड उडवत नाहीत, दिसायलाही देखणे.

"सिरॅमिक म्हणजे चिनी मातीचे?" जयंतीने विचारलं. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला शंका फार.

"तसंच काहीसं. पण वेगळं."

"लोणच्याच्या बरणीचं?" मामींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"मामी, यावर गाडी ताशी दोनशेवरून थांबते."

"तुम्ही दोनशेने कुठे जातां?"

वेलचेरीच्या रस्त्यावर मी ताशी वीसनेच जात असे, म्हणून मी फ्रिजवरचा तक्ता सरळ करू लागलो.

जी. पी. रोडवर सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत. तिथल्या दुकानदाराने खोकं काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "सार, फिटिंग कोण करणार?"

"मी ऑटोमोबाइलमध्येच आहे," मी म्हणालो.

"ओ, अप्पडिया, असं का! कुठला भाग?"

मी बिल लवकर करायला सांगितलं.

चारी चाकांचे मिळून आठ पॅड. काळेशार, कडेला निळी रेघ, प्रत्येकाला जाड कागदाचं वेष्टण. मी ते घेऊन तडक आमच्या गल्लीतल्या सेल्वमच्या गॅरेजवर गेलो. सेल्वम कमी बोलणारा आणि गाडीखाली जास्त राहणारा मेकॅनिक. त्याचे फक्त पाय दिसत होते.

"सेल्वम, उद्या हे बसवून दे."

पाय हलले नाहीत. "उद्या आयुधपूजा, सार. पान्हे पूजेला बसणार. पूजेला बसलेलं हत्यार मी उचलत नाही."

"मग परवा, दसऱ्याला सकाळी?"

"परवा मी गावी. चार दिवसांनी या."

"चार दिवस कसे थांबणार? मीच बसवतो."

आता मात्र सेल्वम गाडीखालून बाहेर आला. त्याने खोकं उघडलं, पॅड न घेताच परत मिटलं आणि म्हणाला, "बसवा. कठीण नाही. फक्त स्वच्छ ठेवा सार. बोटसुद्धा लावू नका."

"सेल्वम, मी ऑटोमोबाइलमध्ये आहे," मी त्याला आठवण करून दिली. तो परत गाडीखाली गेला.

आता इथे दोन पूजांचा घोळ समजून घ्यायला हवा. चेन्नईत हत्यारांची आणि गाड्यांची पूजा नवमीला होते, तीच आयुधपूजा. आम्हा कराडकरांकडे गाडीला हार पडतो तो दसऱ्याला. एरवी मी मुकाट्याने नवमी पाळत असे. पण या वर्षी नवमीला माझी गाडी जुन्या ब्रेकवर उभी होती आणि मामांची परीक्षा दसऱ्याला होती. म्हणून मी ठणकावून सांगितलं की गाडीची पूजा आमच्या पद्धतीने दसऱ्यालाच होईल. मामींनी ते ऐकून घेतलं. फक्त त्यांनी एक प्रश्न विचारला, "मग नवमीला तुमचं आयुध काय ठेवूं?"

हा प्रश्न दरवर्षी माझ्या वर्मी लागत असे. मामींच्या देवघरापुढे केळीच्या पानांवर मामांचे रेल्वेचे पान्हे बसत, जयंतीची वह्यापुस्तकं बसत, मामींची विळी, कात्री, शिवणयंत्र बसे. आणि माझं म्हणून काय? एका वर्षी मी कारखान्यातून रबराची पट्टी आणून ठेवली होती. मामांनी तिच्याकडे चारी बाजूंनी बघून विचारलं होतं, "ह्याला कुंकू कुठे लावायचं?" ती पट्टी पूजाभर गुंडाळी सोडून हळूहळू सरळ होत राहिली आणि शेवटी समईला टेकली. तो वास मी अजून विसरलो नाही.

या वर्षी मी खोकं उघडलं आणि आठही पॅड वेष्टणं काढून केळीच्या पानावर ओळीने मांडले. काय शोभा होती! मामा त्या वेळी सोवळं नेसायला आत गेले होते. मला फोन आला म्हणून मी गॅलरीत गेलो. कारखान्यातला सहकारी होता. मी त्याला सिरॅमिक आणि धातू यांतला फरक समजावत होतो, तेवढ्यात मामी हातात वाटी घेऊन दाराशी आल्या आणि त्यांनी काहीतरी विचारलं.

"लावा मामी, लावा," मी फोनवर हात ठेवून म्हणालो. "अस्कं लावा."

मामींनी लावलं. पूजा झाली, कापूर झाला, गोड पोंगलाचा नैवेद्य झाला. मामा पानांपासून चांगले दहा हात लांब बसून मंत्र म्हणत होते, आणि पॅडवर तोपर्यंत गंध, कुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या यांचा एवढा थर चढला होता की न सांगता कोणापुढे केला असता तर तो सत्यनारायणाचा प्रसादही वाटला असता.

दसऱ्याला पहाटे उत्तरपूजा झाली आणि हत्यारं मोकळी झाली. मी मामांच्या पान्ह्यांची पेटी, पॅड आणि देवघराजवळ घडी करून ठेवलेलं एक मऊ फडकं घेऊन खाली निघालो.

"मी येऊं कां? नुसता बघतो," मामांनी विचारलं.

"मामा, ही रेल्वे नाही," मी हसून म्हणालो. "तुम्ही परीक्षक. परीक्षकाने पेपर सोडवताना बघायचं नसतं. दहा वाजता या."

मामा परत खुर्चीत बसले. हे वाक्य मी बोललो नसतो तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि आमच्या घरात आजही कोहळा आला असता.

काम मात्र मी झकास केलं, हे मी आजही सांगेन. जॅक लावला, चाकं काढली, छापील पानं दगडाखाली ठेवून एकेक पायरी केली. पॅडवरचं गंधकुंकू फडक्याने हलक्या हाताने पुसलं. पॅड बोटांना छान गुळगुळीत लागले. सिरॅमिकची हीच तर गंमत, मी मनात म्हटलं, किती गुळगुळीत! चाकामागे जी गोल लोखंडी थाळी असते, जिला पॅड दोन्हीकडून चिमटा काढतात, ती थाळीही मी त्याच फडक्याने घासून पुसली. चारी थाळ्या अशा चमकायला लागल्या की त्यात तोंड बघून घ्यावं. चाकं बसवली. आत बसून ब्रेक सात-आठ वेळा दाबला. पेडल दगडासारखं घट्ट. आणि नारिंगी दिवा विझला! मी एकटाच होतो, तरी स्वतःशीच "वा" म्हणालो.

दहा वाजता सगळे खाली आले. आमच्या इमारतीबद्दल एक सांगायचं राहिलं. वेलचेरीत पावसाळ्यात पाणी न बोलावता घरात येतं, म्हणून बिल्डरने आमचं पार्किंग रस्त्यापेक्षा पुरुषभर उंच बांधलं होतं. पार्किंगमधून फाटकापर्यंत चांगला तीव्र उतार होता. त्याच्या तोंडाशी माझी गाडी उभी होती, हार घातलेली, चारी चाकांखाली एकेक लिंबू. फाटकासमोर रस्त्यापलीकडे एक कोहळेवाली बसली होती. आयुधपूजेला तमिळ माणूस गाडीवरून कोहळा ओवाळून फोडतो, दृष्ट जाते म्हणून. नवमीला न खपलेल्या कोहळ्यांचा तिच्यापुढे ढीग होता आणि त्याला गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

मामींनी गाडीला ओवाळलं. जयंती त्यांच्याजवळ उभी राहिली. मामा पांढरी स्वच्छ वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचं धोतर, नेसून माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी घड्याळ बघितलं. ती त्यांची रेल्वेतली सवय.

"लिंबांवरून जाऊ द्या, उतारावर मधेच थांबवा," ते म्हणाले. "उतारावर थांबला तर तो ब्रेक."

"तुम्ही म्हणाल तिथे थांबवतो," मी म्हणालो.

गाडी हलली. लिंबं फुटली. चट्, चट्, चट्, चट्. पुढची चाकं उतारावर आली.

"आता," मामा म्हणाले.

मी ब्रेक दाबला. पेडल घट्ट, पाय खंबीर, दिवा विझलेला, आवाज बिलकुल नाही. गाडी खाली जात राहिली.

"आता म्हटलं मी."

"लावलाय, मामा."

"मग जातेय कां?"

"हळू लागतो. जर्मन आहे ना."

गाडी वेगात नव्हती, हे मला आवर्जून सांगायचं आहे. मागून जयंती चालत येत होती आणि ती आमच्या बरोबरीने येत होती. तिने खिडकीशी वाकून विचारलंही, "थांबत का नाही?" मी दोन्ही पाय पेडलवर ठेवले आणि आसनावरून अर्धा उठलो. फाटक गेलं. वॉचमनने सलाम ठोकला. रस्ता आला, नशिबाने मोकळा. मी इंजिन बंद करायचं विसरलो, हँडब्रेक विसरलो, कराडसुद्धा विसरलो. मला फक्त समोरची कोहळेवाली दिसत होती. ती उठली, साडी सावरली, दोन पावलं बाजूला झाली आणि आमची वाट बघत उभी राहिली.

गाडी ढिगात शिरली. पहिला कोहळा फुटला, मग दुसरा, मग एकदम पाच-सहा. त्याच क्षणी मामांनी आमच्या दोघांमधला हँडब्रेक शांतपणे वर ओढला (त्याचे पॅड वेगळे असतात). गाडी थांबली. बॉनेटवर कोहळ्याच्या बिया, दिव्यावर गर, आणि हार अजून जागच्या जागी.

मामांनी घड्याळ बघितलं. "दहा वाजून नऊ," ते म्हणाले.

कोहळेवाली माझ्या खिडकीपाशी आली. ती मुळीच ओरडली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. "सार," ती तमिळमध्ये म्हणाली, "दृष्ट काढायला एक पुरतो."

मामा खाली उतरले. वेष्टी गुडघ्यापर्यंत वर दुमडून पुढच्या चाकाशी उकिडवे बसले. चाकाच्या फटीतून त्यांनी एक बोट आत घातलं, थाळीवरून फिरवलं आणि नाकाशी नेलं. बत्तीस वर्षांचं नाक ते.

"नल्लेण्णै," ते म्हणाले.

नल्लेण्णै म्हणजे तिळाचं तेल. मामांनी मामींकडे बघितलं. मामींनी माझ्याकडे बघितलं.

"मी विचारलं होतं," मामी म्हणाल्या. "पान्ह्यांना दरवर्षी लावते तसं यांना पण तेल लावूं का, म्हणून विचारलं. मापिळ्ळै म्हणाले, लावा. अस्कं लावा म्हणाले. मी दोनदा लावलं. नवीन होते, शोषून घेत होते."

"आणि हे फडकं?" मामांनी माझ्या खांद्याकडे बोट केलं.

"तें माझं तेलाचं फडकं. सकाळपासून शोधतेय," मामी म्हणाल्या.

मला एकदम फार वाईट वाटलं. गाडीचं नाही. मामा सत्तरीला टेकलेले, माझ्या भरवशावर त्या आसनावर बसले होते, आणि समोर कोहळ्यांऐवजी शाळेची मुलं असती तर? मी तसं बोलूनही दाखवलं. "मामा, चुकलं माझं. तुम्हाला काही झालं असतं तर..."

"मज काय होणार?" ते म्हणाले. "मी हँडब्रेकवर हात ठेवूनच बसलों होतों. निघालो तेव्हापासून."

कोहळेवालीशी तडजोड वेगळ्याच मुद्द्यावर अडली. फुटलेल्या कोहळ्यांची भरपाई मी लगेच कबूल केली. पण न फुटलेलेही तिने माझ्याच गळ्यात घातले. "गाडीखाली आलेला कोहळा पूजेला कोण घेणार?" ती म्हणाली. मी त्यांचेही पैसे मोजले. वॉचमन आणि मी मिळून तेवीस सबंध कोहळे मामींच्या घरी पोचवले. मामींनी दारातच विचारलं, "आता यांना काही लावायचं अहे कां?"

पुढचे चार दिवस आम्ही कोहळा जेवलो. कोहळ्याचं सांबार, कोहळ्याचं ताकातलं कालवण, कोहळ्याची पचडी, कोहळ्याचे सांडगे. इमारतीत वाटले, तर शेजारी दार उघडण्याआधी भिंगातून बघू लागले. गावाहून परतलेल्या सेल्वमने चाक काढलं, पॅड नाकाशी धरला आणि आयुष्यातलं सर्वांत मोठं वाक्य बोलला. "सार, हे बसवायचे होते की तळायचे होते?" मग त्याने आठही पॅड कचऱ्यात टाकले, थाळ्या धुतल्या आणि धातू मिसळलेले साधे पॅड आणून बसवले. तासाभरात ब्रेक लागू लागला, पण त्याच दिवशी आम्हाला तंजावरला निघायचं होतं. मी तिकिटांचा विषय काढला नाही. मामांनीही काढला नाही.

आम्ही रेल्वेने गेलो. डब्यात शिरल्यावर मामांनी सामान लावलं, मामींनी काशी हलव्याचा डबा उघडला (तोही कोहळ्याचाच असतो, हे मला त्या आठवड्यात कळलं) आणि मामा माझ्या शेजारी येऊन बसले. मग वरच्या लाल साखळीकडे बोट करून आपुलकीने म्हणाले, "मापिळ्ळै, तिला हात लावू नका. ती ओढली की गाडी थांबते."

तंजावरला ओट्यावर सगळं गोत जमलेलं होतं. आम्ही सायकलरिक्षातून उतरलो. मामांचे थोरले चुलतभाऊ पुढे आले, त्यांना कमी दिसायचं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि दरवर्षीचा प्रश्न विचारला.

"हे जयंतीचे कां? काय करतात हे?"

मी मान खाली घातली आणि रबराची वाट बघू लागलो. मामांनी माझ्याकडे बघितलं, मिशीतल्या मिशीत हसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"हे आमचे मापिळ्ळै," ते म्हणाले. "ब्रेक सोडून अस्कं करतात."

सहा वर्षांत पहिल्यांदा मामांच्या तोंडी रबर आलं नाही. मी ती बढती समजलो, आणि पंगतीत यजमानांनी खास जावयासाठी म्हणून दुसऱ्यांदा वाढलेली कोहळ्याची भाजी मान खाली घालून संपवली.